सुजातेच्या हनुवटीवरचं टिंब

बासष्ट सालच्या फाल्गुनात, होळीला चार दिवस असताना, अमरावतीहून आलेलं पार्सल सहदेव तायडेनं दुकानातल्या फळीवर सोडलं, आणि आतलं चित्र पाहून तो आधी खूश झाला.

चित्र त्यानंच काढायला सांगितलं होतं. झाडाखाली बसलेला, बरगड्या वर आलेला सिद्धार्थ, आणि त्याच्यापुढं खिरीची वाटी धरून वाकलेली सुजाता. चिताऱ्यानं सुजातेला तांबड्या काठाचं हिरवं लुगडं नेसवलं होतं, पदर कमरेला खोचला होता. बाई अगदी वावरातून उठून आल्यासारखी दिसत होती. सहदेवला हवं होतं ते हेच.

अकोल्याच्या ताजना पेठेतला त्याचा गाळा सात फूट रुंदीचा. भिंतीला टेकवलेल्या काचा, लाकडी पट्ट्या, पुठ्ठे, आणि मध्ये उभं राहण्यापुरती जागा. बार्शीटाकळीजवळच्या खेड्यातून तो पंधराव्या वर्षी इथं आला आणि एका काचवाल्याकडं तसबिरी मढवायला शिकला. पुढं स्वतःचा गाळा घेतला. मुंबईहून छापील चित्रांचे गठ्ठे मागवायचे, मढवायचे, आणि दर्यापूर, मोर्शी, बार्शीटाकळीच्या दुकानदारांना ठोक भावानं द्यायचे, असा धंदा बसला. छप्पन सालच्या दसऱ्याला घरच्या सगळ्यांनी नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हा देवादिकांच्या चित्रांचे सतरा गठ्ठे दुकानात पडून होते. ते त्यानं पडत्या भावात दुसऱ्या दुकानदाराला देऊन टाकले आणि बुद्धाची चित्रं शोधायला लागला. बाबासाहेबांच्या तसबिरी मिळत. बुद्धाची जी मिळत, ती कुठल्या तरी परमुलखातली, गुलाबी गालांची. दर्यापूरच्या बाजारात एका म्हातारीनं तसलं चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं होतं आणि परत ठेवून म्हटलं होतं, हा माणूस चांगला आहे, पण आपल्या घरी येईल असा वाटत नाही.

ते वाक्य सहदेवच्या डोक्यात बसलं. चित्रं विकत आणण्यापेक्षा काढूनच घ्यायची, असं त्यानं ठरवलं. अमरावतीत देवराव म्हणून रंग आणि ब्रश विकणारा एक ओळखीचा दुकानदार होता. त्यानं एक चितारी सुचवला. नाव पुंजाजी. माणूस लहरी आहे, कोणाला भेटत नाही, पण हात सोन्यासारखा आहे, असं देवराव म्हणाला. कापड आणि पैसे देवरावकडं द्यायचे, चित्र देवरावकडूनच यायचं. पहिलं चित्र बुद्धाचं झालं. नागपूरच्या छापखान्यात छापून घेतलं आणि वर्षभरात संपलं. हे दुसरं. वैशाख पौर्णिमेच्या आत प्रती बाजारात यायला हव्या होत्या.

छापायला धाडण्याआधी चित्र बारकाईनं तपासायची त्याची सवय होती. त्यानं ते उजेडात धरलं. सुजातेच्या हनुवटीवर गोंदणाची तीन टिंबं होती, एका रांगेत, नीट. चौथं मात्र रांग सोडून खालच्या ओठाच्या कडेला, भलतीकडंच पडलं होतं. ब्रशचा शिंतोडा उडाला असणार, असं त्याला वाटलं. फडक्याचं टोक ओलं करून त्यानं ते हलकेच पुसलं. टिंब गेलं नाही. तो जवळ वाकला. शिंतोडा नव्हता तो. बाकीच्या तिन्हींसारखंच हिरवट, गोल, मुद्दाम काढलेलं टिंब होतं.

आणि मग सहदेवच्या हातातलं फडकं खाली पडलं.

तो पाच-सहा वर्षांचा असेल. दारात गोंदणारीण बसली होती, आणि तिच्यापुढं त्याची मोठी बहीण माणिक, डोळे गच्च मिटून. तीन टिंबं झाली. चौथ्याच्या वेळी माणिक कळवळली, आणि ही बाई आपल्या ताईला मारते आहे असं वाटून सहदेवनं गोंदणारणीचा हात ओढला. सुई सरकली. ते चुकार टिंब माणिकच्या चेहऱ्यावर कायमचं राहिलं. मोठी झाल्यावर ती त्याला दाखवून दाखवून हसायची.

माणिक मेली त्याला चौदा वर्षं झाली होती. अठ्ठेचाळीस साली, अमरावतीला मावशीकडं गेली असताना पटकीनं गेली. बापानं एकट्यानं परत येऊन सांगितलं, अग्नी तिकडंच दिला. सहदेवनं इथं डोक्याचे केस काढले होते. तेरावं जेवू घातलं होतं. मावशीच्या घराशी बापानं तेव्हापासून येणं-जाणं तोडलं होतं.

त्यानं पुन्हा चित्राकडं पाहिलं. आता नुसतं टिंब नव्हतं. नाक तेच, कपाळ तेच. फक्त वय वाढलेलं होतं. वीस वर्षांची नव्हे, पस्तिशीतली माणिक खीर घेऊन वाकली होती. मेलेल्या माणसाचं वय वाढत नाही, एवढाच एक विचार त्याच्या डोक्यात फिरत राहिला. एक गिऱ्हाईक येऊन आठ बाय दहाची काच मागून थांबून निघून गेलं, त्याला कळलं नाही.

दुपारी त्यानं दुकान बंद केलं आणि चित्र घेऊन अकोट फैलातल्या घरी गेला. बायको इंदूबाई नळावर गेली होती. आई, दुर्गाबाई, तूर निवडत बसली होती. त्यानं चित्र तिच्यासमोर धरलं. म्हातारीचे हात सुपात थांबले. मग मान खाली घालून पुन्हा तूर निवडू लागली.

"चितारी कुठंबी टिंब लावते," ती म्हणाली.

सहदेवनं टिंबाचं नावही काढलं नव्हतं.

त्या रात्री आई जेवली नाही, आणि दुसऱ्या सकाळी सहदेवनं बडनेऱ्याची गाडी पकडली. बडनेऱ्याहून अमरावती. देवरावच्या दुकानात जाऊन त्यानं सरळ सांगितलं, चिताऱ्याला भेटायचं आहे, आत्ता. देवरावनं आधी उडवून लावलं. मग चहा मागवला. सहदेव चहाला हात लावीना, तेव्हा तो उठून दुकानाच्या मागच्या बाजूला गेला, परत आला आणि हळू आवाजात बोलला. पुंजाजी शहराबाहेरच्या महारोग्यांच्या वसाहतीत राहतो. रोग आता बरा झाला आहे, गोळ्यांनी. डॉक्टरनं लिहून दिलं आहे. पण लोकांना कोण समजावणार, म्हणून आपण बोललो नाही.

सहदेवनं हे ऐकलं आणि त्याचे दोन्ही हात आपोआप धोतराला पुसले गेले. दोन चित्रं त्यानं या हातांनी हाताळली होती. पहिलं तर महिनाभर घरात, पोरींच्या उशाशी होतं. आपण हात पुसतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं, पण हात थांबले नाहीत.

टांगेवाला वसाहतीपर्यंत यायला तयार झाला नाही. अर्ध्या मैलावर उतरवून निघून गेला. सहदेव चालत गेला. त्याला वाटलं होतं तसं तिथं काही नव्हतं. पालेभाजीचे वाफे होते, विहिरीवर मोट चालू होती, एका लांब छपरीतून हातमागांचा आवाज येत होता. फाटकावरच्या माणसानं पुंजाजीची खोली दाखवली.

पुंजाजी पन्नाशीचा, बुटका, हसरा माणूस निघाला. सहदेवचं नाव ऐकताच त्यानं "जय भीम" केला आणि हात मात्र मागं घेतले. ते हात सहदेवनं पाहिले. उजव्या हाताला अंगठा आणि दोन अर्धी बोटं उरली होती. मनगटाला सुताची पट्टी होती, त्या पट्टीत ब्रश बांधलेला होता. ह्याच हातानं तो बुद्ध काढला होता. ज्या डोळ्यांकडं पाहून मोर्शीच्या बायका गप्प व्हायच्या, ते डोळे ह्या हातानं.

सहदेवला बसवेना. त्यानं उभ्यानंच विचारलं, सुजाता कोणाला पाहून काढली?

पुंजाजी म्हणाला, जी रोज सकाळी हा ब्रश माझ्या हाताला बांधून देते, तिला पाहून. मागावर असते ती. माणिकबाई नाव.

नाव ऐकण्यासाठीच सहदेव आला होता, आणि ऐकल्यावर मात्र त्यानं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

पुंजाजीनं कोणाला तरी हाक मारून तिला बोलावलं. ती पदराला हात पुसत छपरीतून आली. चालताना एक पाय जरा ओढत होती. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून तिनं आधी नीट पाहिलं नाही. दहा पावलांवर आल्यावर थांबली. चौदा वर्षांत सहदेवला मिशा आल्या होत्या, अंग भरलं होतं. तरी तिनं ओळखलं. पण ती पुढं आली नाही, रडली नाही. आहे तिथून तिनं विचारलं ते एवढंच:

"माय बिमार आहे का? सहा वर्स झाले, आली नाई."

सहदेवला आधी वाक्याचा अर्थच लागेना. कोण आली नाही? कुठं आली नाही?

मग अर्थ हळूहळू लागला. आई दरवर्षी नवरात्रात अमरावतीला अंबादेवीच्या जत्रेला यायची. एकटी यायची, कोणाला सोबत घ्यायची नाही. नवस आहे म्हणायची. जाताना लाडू, पापड, एखादं जुनं लुगडं न्यायची. देवीला जुनं लुगडं कशाला, असं इंदूबाईनं एकदा हसत विचारलंही होतं. बाप त्रेपन्न साली वारला तरी ती जातच राहिली. छप्पनला दीक्षा घेतली, आणि देवीला जायचं निमित्तच संपलं. घरात कोणालाच न सांगता अमरावतीला जायला तिच्याकडं दुसरं काहीही कारण नव्हतं.

"माय चांगली आहे," सहदेव कसाबसा म्हणाला.

हे ऐकून माणिक तिथंच मातीत बसली. तिला वाटलं होतं, आई गेली. सहा वर्षं ती तसंच धरून चालली होती आणि विचारायला कोणी नव्हतं. पुंजाजीला लिहिता येत होतं, पण पत्र घरी गेलं की सगळं बाहेर पडलं असतं. मग एक दिवस पुंजाजी सहज म्हणाला, चित्रं अकोल्याला जातात, ताजना पेठेत, तायडे म्हणून आहेत त्यांच्याकडं. सुजातेसाठी त्याला एक चेहरा हवा होता. ती समोर बसली.

"टिंबबी मीच लावाले सांगतलं," ती म्हणाली. "हा लावत नव्हता. चित्र बिघडते म्हने. मी म्हनलं, माय पाहीन. जित्ती असन तर पाहीन अन् समजन."

"अन् मी?" सहदेवनं विचारलं.

"तुले ओळखू येईन असं मले वाटलंच नाई, बाबू. तू लहान होता, इसरला असशीन."

ती हे अगदी साधेपणानं बोलली. निरोप त्याच्यासाठी नव्हताच. तो फक्त त्याच्या दुकानातून जाणार होता.

मग एकेक करून सगळं कळलं. सासरी असताना तिच्या पाठीवर चट्टा आला. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं. त्याच उन्हाळ्यात सहदेवचं लग्न दर्यापूरकडच्या इंदूशी ठरलं होतं. घरात हा रोग आहे असं कळतं तर कोणी पोरगी दिली नसती. बाप तिला बैलगाडीतून घेऊन निघाला तेव्हा सहदेव अकोल्याला काचवाल्याकडं कामावर होता. वाटेत बाप रडत होता, तेव्हा तीच त्याला म्हणाली, मी मेली म्हणून सांगा. पटकीनं म्हणा. पटकीचं कोणी पाहायला येत नाही.

आपल्या लग्नाचं जेवण, वाजंत्री, हळद, सगळं सहदेवला एकदम आठवलं. इतकी वर्षं तो स्वतःला बहीण गमावलेला माणूस समजत होता. बहीण त्याच्यासाठी मेली होती, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

निघायच्या आधी माणिकनं चहा केला. पितळी पेल्यात ओतून त्याच्यापुढं ठेवला. तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं होतं. चित्रातल्या सुजातेची सगळी बोटं सरळ होती. सहदेवनं पेला उचलला, चहा प्याला, पेला खाली ठेवला. आणि मग, करायचं नाही असं मनाशी पक्कं ठरवूनही, तो उठून रांजणाकडं गेला आणि त्यानं हात धुवायला घेतले.

माणिकनं ते पाहिलं. ती उठली, तांब्या घेतला आणि त्याच्या हातावर पाणी घातलं.

"सुरुवातीले सगळेच धुतात," ती म्हणाली. "मायबी धुवे."

परतीच्या गाडीनं तो निघाला. घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती आणि आई दारातच बसून होती. त्यानं सांगितलं, ताई भेटली. म्हातारीनं मान हलवली. तिला विचारायचं त्यानं वाटेत पुष्कळ ठरवलं होतं. काहून लपवलं, मला का नाही सांगितलं, सहा वर्षं तुला झोप कशी लागली. पण आई म्हणाली, "कशी आहे रे ती? चालते का?" आणि तो तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसून ताई कशी चालते ते सांगू लागला.

इंदूबाईला त्यानं आतल्या खोलीत सगळं सांगितलं. ती रोगाला घाबरेल, पोरींना घेऊन दर्यापूरला जाईल, अशी त्याला भीती होती. इंदूबाईला वेगळाच धक्का बसला होता. चौदा वर्षं ती या घरात नांदत होती, आणि तिला घरात आणण्यासाठी एक जिवंत बाई बाहेर काढली गेली होती. मला कोणी विचारलं होतं का, असं ती शेवटी म्हणाली. कोणावर रागावावं हे तिला कळत नव्हतं. सासऱ्यावर रागावावं तर तो मेला होता. दोन दिवस ती सासूशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच नळावर, पाच बायकांसमोर, मोठ्यानं सांगून टाकलं की माझी नणंद जिवंत आहे, अमरावतीला वसाहतीत असते, बरी झाली आहे, आणि आम्ही तिला भेटायला जाणार आहोत. लोकांनी मागून कुजबुजण्यापेक्षा समोर बोललेलं बरं, असं तिचं म्हणणं पडलं.

कुजबुज झालीच. शेजारणीनं विरजण मागायला येणं सोडलं. बार्शीटाकळीच्या एका दुकानदारानं सहदेवकडून माल घेणं थांबवलं, कारण सांगितलं नाही. देवरावनं पत्र पाठवलं, त्यात लिहिलं होतं की चित्राच्या कोपऱ्यातलं पुंजाजीचं नाव छापू नका, बोभाटा झाला तर एक प्रत खपणार नाही. माणिकनंही निरोप दिला होता, आता ते टिंब पुसून टाक, त्याचं काम झालं.

चित्र चार दिवस दुकानात फळीवर पडून होतं. सहदेव येता जाता त्याच्याकडं पाही आणि दर वेळी देवरावचं पत्र पुन्हा उघडून वाची. पाचव्या दिवशी त्यानं ते आहे तसं बांधलं. टिंब होतं तिथं राहिलं. कोपऱ्यात चिताऱ्याचं पूर्ण नाव राहिलं. छापखान्याला त्यानं तीन हजार प्रतींचं पत्र लिहिलं, आणि पुढच्या चित्राचं कापड देवरावकडं न देता स्वतः वसाहतीत नेऊन द्यायचं ठरवलं.

होळीनंतरच्या रविवारी चौघं वसाहतीत गेली. सहदेव, इंदूबाई, आई, आणि अमरावतीतून सोबत घेतलेली आईची बहीण गोदाबाई, जिच्या घरी माणिक मेली असं सांगितलं गेलं होतं आणि जिला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. या वेळी टांगेवाला फाटकापर्यंत आला, कारण इंदूबाई खाली उतरायलाच तयार झाली नाही. माणिक बाहेर उभी होती. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, हनुवटीपाशी थांबवला, आणि मग दोघी झाडाखाली बसल्या. सहा वर्षांत गावात कोणाचं लग्न झालं, कोणाची म्हैस मेली, कोणाच्या पोराला मास्तरकीची नोकरी लागली, हे सगळं आई सांगत सुटली. मेल्याजित्याचं दोघीही काही बोलल्या नाहीत. गोदाबाई मात्र एकटीच मधूनमधून डोळ्यांना पदर लावत होती. आपल्या घरी असं काही झालं होतं आणि आपल्यालाच ठाऊक नाही, हे तिच्या पचनी पडत नव्हतं.

सहदेवनं माणिकला घरी चल म्हटलं. तिनं नाही म्हटलं. इथं तिचा माग होता, सकाळी पुंजाजीचा ब्रश बांधायचा असे, दोन म्हाताऱ्यांचं तेलपाणी तिच्याकडं होतं. पण एका दिवसासाठी येईन, असं ती म्हणाली.

वैशाख पौर्णिमेला ती आली. सुजातेच्या प्रती दोन दिवस आधी आल्या होत्या आणि दर्यापूर, मोर्शीला गेल्याही होत्या. चित्र खपलं, पहिल्या बुद्धाइतकं नाही, पण खपलं. चिताऱ्याचं नाव वाचून नाक मुरडणारे होते, तसे नाव न वाचताच घेणारे त्याहून जास्त होते. माणिक ओसरीवर भिंतीला टेकून बसली. माठातलं पाणी ती स्वतः घेईना, तेव्हा इंदूबाईनं तिच्या हातात ओगराळं दिलं आणि म्हणाली, "घ्या तुमच्या हातानं, घर तुमचं आहे." माणिकनं घेतलं. थोडं पाणी सांडलं.

सहदेव समोर बसला होता. त्यानं त्या दिवशी हात धुतले नाहीत. एवढं त्याला जमलं. पण बोलता बोलता माणिक कशाला तरी हसली, पूर्वीसारखीच, हनुवटी वर करून, आणि तो बसल्या जागी दचकला. तिनं विचारलं, काय झालं. तो काही नाही म्हणाला. पुढं वर्षानुवर्षं ती सणावाराला येत राहिली, पोरींच्या लग्नात पंगतीला बसली, आणि दर वेळी ती दारातून आत आली की सहदेव हातातलं काम सोडून उठून उभा राही. चौदा वर्षं मेलेलं माणूस उंबरा ओलांडताना त्याला दिसे. त्याची सवय त्याला कधी झाली नाही.